बोर्ड इंपोर्टमधील चुकांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सहाय्य विभाग

विषय: आयडीएफ 3.0 (सर्किट बोर्डची माहिती यांत्रिक डिझाइन सॉफ्टवेअरला देण्याचा फाइल-आराखडा) फाइल इंपोर्ट करताना चुकीची मापे येणे आणि त्याची कोणतीही सूचना न मिळणे.

महोदय/महोदया,

आपल्या यांत्रिक डिझाइन सॉफ्टवेअरचा सर्किट बोर्ड इंपोर्टचा भाग नव्या आवृत्तीत बिघडला आहे. मॉड्यूल बंद पडत नाही, उलट ‘इंपोर्ट यशस्वी’ असा संदेश देऊन चुकीचे मॉडेल हातात ठेवते. तक्रारीचा रोख त्यावरच आहे.

सर्वांत गंभीर दोष एककांचा. आयडीएफमध्ये दोन फाइल असतात: बोर्डची ‘ईएमएन’ आणि कंपोनंटच्या आकारांची ‘ईएमपी’. बोर्डचे एकक ईएमएनच्या हेडरमध्ये एकदाच लिहिलेले असते, पण ईएमपीमध्ये ते प्रत्येक कंपोनंटच्या ओळीत, उंचीच्या आधी, स्वतंत्रपणे दिलेले असते. त्यामुळे बोर्ड थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) आणि कंपोनंट मिलिमीटरमध्ये असणे पूर्णपणे नियमात बसते. आपले मॉड्यूल मात्र बोर्डचे एकक सरसकट सगळ्यांना लावते. 12 मिमी उंचीचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 12 थाऊ, म्हणजे जेमतेम 0.3 मिमी होतो. आडवी मापेही त्याच प्रमाणात आक्रसतात, त्यामुळे पूर्ण बोर्डच्या दृश्यात तो ठिपक्यासारखा दिसतो किंवा दिसतच नाही. पुढे एन्क्लोजरच्या (बाहेरच्या पेटीच्या) झाकणाशी इंटरफेरन्स (भाग एकमेकांत घुसणे) तपासला, तर निकाल अर्थातच स्वच्छ. उलट गडबड झाली असती, तर कपॅसिटर बोर्डपेक्षा मोठा दिसून चूक लगेच पकडता आली असती. इथे ती थेट साच्यापर्यंत पोहोचू शकते.

दुसरा दोष खाचांचा. आउटलाइनमधील प्रत्येक बिंदूसोबत कंसाचा (वर्तुळाच्या तुकड्याचा) कोन असतो: घड्याळाच्या उलट दिशेला धन, घड्याळाच्या दिशेला ऋण. बाहेरची कड घड्याळाच्या उलट दिशेने लिहिली जाते, आतले कटआउट घड्याळाच्या दिशेने. म्हणून गोल टोकांच्या खाचेत दोन्ही कंस ऋण 180 अंशांचे येतात. आपले मॉड्यूल ऋण चिन्ह गाळत असावे, कारण बोर्डचे गोलाई दिलेले कोपरे बरोबर येतात आणि खाचेची टोके मात्र आत वळतात. 10 मिमी लांब, 3 मिमी रुंद खाच मधल्या रेषेवर फक्त 4 मिमी उरते. ऋण कोनाची एखादी चाचणी फाइल चालवली असती, तरी हे लक्षात आले असते. आयडीएफ 3.0 हा आराखडा 1996 सालचा आहे. त्याचे नियम काल-परवा बदललेले नाहीत.

छिद्रांचे फिल्टर फक्त व्यासावर चालते, हेही गैरसोयीचे आहे. 0.3 मिमीच्या हजारो ‘वाया’ (बोर्डचे थर विजेने जोडणारी बारीक छिद्रे) मॉडेलमध्ये नकोत म्हणून मर्यादा 1 मिमी ठेवली, की कनेक्टरच्या लोकेटिंग पिनची 0.8 मिमीची छिद्रेही गळतात. फाइलमध्ये प्रत्येक छिद्राच्या ओळीत पिन, वाया, माउंटिंग असा प्रकार लिहिलेला असतोच. फिल्टर त्यावर हवे.

बोर्ड पुन्हा इंपोर्ट केल्यावर सगळे कंपोनंट पुसून नव्याने तयार होतात आणि असेंब्लीतील मेट (भागांना एकमेकांशी बांधणारे संबंध) तुटतात. यू7 हा कंपोनंट आधीही यू7 होता आणि नंतरही आहे. रेफरन्स डेझिग्नेटर (यू7सारखे ओळखनाव) जुळवून फक्त जागा बदलणे अपेक्षित आहे.

बोर्डच्या खालच्या बाजूचे कंपोनंट मात्र योग्य बाजूला आणि योग्य कोनात येतात, हे नमूद करतो.

आपल्या सहाय्य विभागाने ‘त्यापेक्षा स्टेप फाइल वापरा’ (स्टेप म्हणजे त्रिमितीय आकारांचे प्रमाणित फाइल-स्वरूप) असे सुचवले. त्या फाइलमधून आकार उत्तम येतात, पण छिद्रांचे प्रकार, प्लेसमेंट (कंपोनंट बसवणे) आणि रूटिंगची (तांब्याचे मार्ग नेण्याची) प्रतिबंधित क्षेत्रे, उंचीच्या मर्यादा हे आपल्या मॉड्यूलला तिच्यातून मिळत नाही. आयडीएफ वापरायचे ते याच माहितीसाठी. शिवाय शेकडो कंपोनंटचा तपशीलवार स्टेप असेंब्लीत आणला, की साधे फिरवणेही अडखळते. हा तर रोगापेक्षा इलाज भयंकर.

आमच्या मागण्या अशा: ईएमपीमधील एकक प्रत्येक कंपोनंटच्या ओळीतून वाचले जावे. कंसाच्या कोनाचे चिन्ह पाळले जावे. इंपोर्टनंतर अहवाल मिळावा, त्यात लागू केलेले एकक, गाळलेली छिद्रे, ईएमपीमध्ये न सापडलेले आणि ‘अनप्लेस्ड’ (बोर्डवर अजून जागा न दिलेले) असलेले कंपोनंट यांची यादी असावी. पहिल्या दोन दोषांची दुरुस्ती स्वतंत्र पॅच म्हणून यावी, पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहायला लावू नये. तोपर्यंत जुने इंपोर्ट मॉड्यूल नव्या आवृत्तीत वापरण्याची सोय द्यावी. तेही शक्य नसेल तर देखभाल शुल्कातून त्या काळाची रक्कम वजा करावी.

सोबत दोन लहान फाइल-जोड्या जोडल्या आहेत. पहिलीत थाऊमधील बोर्ड आणि मिलिमीटरमधील एकच कपॅसिटर आहे, दुसरीत एकच खाच. दोन्ही दोष त्यांत पहिल्याच इंपोर्टला दिसतील. 15 दिवसांत लेखी उत्तर आणि पॅचची तारीख कळवावी.

आपले,
यांत्रिक डिझाइन विभाग
(वार्षिक देखभाल करारधारक ग्राहक)