एक मिलीलीटर आम्ल कुठे गेलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'क्षार जास्त असतील तर अतिनील किरणांची नायट्रेट चाचणी निरुपयोगी', असं कालच्या अंकात सरसकट छापलंय. निफाड तालुक्यात बिनक्षाराचं बोअर कुणाचं आहे? मग आम्ही पाणी तपासायचंच नाही का?

मी ३१ वर्षं महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत काढली. पाणी किती अतिनील किरण शोषतं, त्यावरून नायट्रेट मोजतात, २२० नॅनोमीटर तरंगलांबीला. तिथे मिठातलं क्लोराइड आड येत नाही, ते २०० च्या खाली शोषायला लागतं. कार्बोनेट मात्र आड येतं. म्हणून ५० मिलीलीटर गाळलेल्या पाण्यात १ मिलीलीटर हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं असतं. सेंद्रिय घाण २७५ लाही शोषते, नायट्रेट तिथे जवळजवळ नाही. म्हणून २७५ च्या आकड्याची दुप्पट वजा करायची. ब्रोमाइडचा खरा त्रास समुद्राच्या पाण्याला. 'क्षार' म्हणून सगळे एका पोत्यात कसे भरता?

गेल्या मार्चात बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन मी नाशिकच्या एका खासगी प्रयोगशाळेत गेलो. तळाला गाळ बसलेला. तिथल्या मुलाने बाटली हलवली आणि पाणी तसंच क्वार्ट्‌झच्या नळीत ओतलं. गाळण नाही, आम्ल नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काका, एवढं कोण करत बसतंय, रोजचे साठ नमुने असतात." अहवाल आला लीटरला ४९ मिलीग्रॅम. भारतीय मानकाची मर्यादा ४५, आणि तिच्यात सवलत नाही. नायट्रेट तान्ह्यांना जास्त बाधतं, आणि घरात आठ महिन्यांची नात, बाटलीवरची. सुनेने त्याच दिवशी बोअरचं पाणी बंद केलं. दोन महिने जार विकत आणले. मग जुन्या सहकाऱ्याकडे त्याच बोअरचं पाणी रीतसर तपासलं, ४३ निघालं. फरकात गाळाचा वाटा किती, कार्बोनेटचा किती, मला सांगता येणार नाही. पण ४५ च्या अलीकडे की पलीकडे, यावर तान्ह्या लेकराचं पाणी ठरतं.

अहवालावर पद्धत छापायला लावा. नमुना गाळला का, आम्ल घातलं का, २७५ चं वाचन किती, एवढं. आकडा नायट्रेटचा की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा, हेही. दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक आहे.

आणि त्याच बातमीच्या चौकटीतलं 'पाणी उकळून प्या' उद्याच मागे घ्या. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. ते वाचून आज सकाळी शेजारची सून बाळासाठी पातेलंभर पाणी अर्धं होईपर्यंत आटवत बसली होती.

आपला,
एक वाचक, निफाड (जि. नाशिक)