परदेशी भाषेच्या शिक्षकाचे श्रम कुठे खर्च व्हावेत?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी भाषेच्या तासाबद्दल दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पालक म्हणतात, चार-पाच वर्षे शिकूनही मुलाला दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत. शिक्षक म्हणतात, वह्या तपासून, रोज नवे साहित्य तयार करून आणि दिवसभर बोलून जीव मेटाकुटीला येतो. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ एक आहे. ज्या कामातून भाषा सर्वांत कमी येते त्याच कामात शिक्षकाचा सर्वाधिक वेळ जातो, आणि ते काम लाल शाईत उठून दिसते म्हणून कोणी त्याला हात लावत नाही. म्हणून हे पत्र शिक्षकांइतकेच मुख्याध्यापक आणि पालकांसाठीही आहे.

आधी वह्यांचा हिशेब. प्रत्येकी ४० मुलांचे चार वर्ग, आठवड्याला एक लेखन आणि एका वहीला तीन मिनिटे धरली तर ४८० मिनिटे होतात. म्हणजे दर आठवड्याला आठ तास. त्यातून हाती काय लागते? मूल गुण पाहते, वही मिटते आणि पुढच्या लेखनात तीच चूक पुन्हा करते. हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. भाषेतली काही रूपे शिकणाऱ्याच्या तोंडी ठरावीक क्रमानेच बसतात. इंग्रजीतल्या वर्तमानकाळी तृतीयपुरुषी क्रियापदाचा ‘एस’ किंवा जर्मनमध्ये गौण वाक्याच्या शेवटी जाणारे क्रियापद ही त्यातली उशिरा येणारी रूपे. नियम पाठ असतो, परीक्षेतली रिकामी जागा बरोबर भरली जाते, पण सहज लिहिताना रूप निसटते. त्याची वेळ आलेली नसताना कितीही वेळा अधोरेखित केले तरी फरक पडत नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली लेखनातली व्याकरण-दुरुस्ती सरळ बंदच करावी, असा टोकाचा पक्ष मांडला आणि त्यावर बराच वाद झाला. तो पक्ष पूर्णपणे मान्य करण्याचे कारण नाही. पुढच्या अनेक अभ्यासांत एकाच ठरावीक रूपावर रोख ठेवून केलेली दुरुस्ती उपयोगी पडल्याचे दिसले आहे. सगळे पान रंगवण्याची गरज मात्र त्यातून कुठेच सिद्ध होत नाही.

मग करायचे काय? लेखन देतानाच सांगायचे की या वेळी फक्त भूतकाळाची रूपे पाहिली जातील. दर खेपेला प्रत्येक वर्गातल्या दहाच वह्या नीट वाचायच्या आणि पुढच्या खेपेला पुढच्या दहा घ्यायच्या. चार खेपांत ४० वह्या होतात. या दहांमध्ये सापडलेल्या चार-पाच सामाईक चुका नावे न घेता वाक्यांसकट फळ्यावर लिहायच्या, जोडीने दुरुस्त करायला लावायच्या आणि मग प्रत्येकाने आपापल्या वहीत तशी चूक शोधायची. चुकीच्या ओळीसमोर समासात नुसती खूण करावी, बरोबर रूप लिहून देऊ नये. उत्तर आयते मिळाले की डोके चालवायचे कारण उरत नाही. आठ तासांचे काम असे दोन तासांवर येते. मात्र कोऱ्या समासाच्या वह्या घरी गेल्या की ‘शिक्षक तपासत नाहीत’ असा बोभाटा होतो. त्यामुळे ही पद्धत वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना लेखी कळवलेली बरी. मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली तर शिक्षकाचे अर्धे ओझे तिथेच उतरते.

बोलण्यातल्या चुकांचेही तसेच आहे. जर्मनमध्ये ‘मी गेलो’ म्हणताना ‘बिन’ऐवजी ‘हाबे’ वापरून मूल म्हणते, ‘इश हाबे गेगांगन’. शिक्षक प्रेमाने बरोबर रूपात ‘आ, दू बिस्ट गेगांगन’ (‘अच्छा, तू गेलास’) म्हणून पुढे जातात. मुलाला वाटते, आपले बोलणे पोचले आणि त्यांना पटले. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक अशा गुपचूप केलेल्या पुनरुच्चाराच्या होत्या आणि मुलांनी सर्वांत कमी दखल घेतली तीही त्यांचीच. ‘इश...?’ असे म्हणून थांबले आणि भुवई उंचावली, तर मूल बहुधा स्वतःच ‘बिन’ म्हणते. पण हे त्या दिवशीच्या शिकवलेल्या रूपापुरतेच करावे. गोष्ट सांगणाऱ्या मुलाला प्रत्येक शब्दाला अडवले तर ते गोष्ट सांगायचेच सोडून देते.

यातून वाचलेला वेळ कुठे घालायचा? सर्वांत आधी, मुलाच्या कानावर आणि डोळ्यांसमोर कळेल अशी भाषा भरपूर येईल हे पाहण्यात. अमेरिकेतल्या परदेशी भाषा-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१० साली वर्गातला किमान ९० टक्के व्यवहार शिकायच्या भाषेत व्हावा, अशी शिफारस केली. ती अनेकांनी अर्धवट वाचली. शिक्षक नव्वद टक्के परकी भाषा बोलतात, मुले ढिम्म बसतात, तिसऱ्या आठवड्यात शिक्षक हताश होऊन मातृभाषेवर येतात आणि ‘आमच्या मुलांना हे झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. झेपत नाही ते न कळणारे बोलणे. एका तासिकेत सहा ते आठच नवे शब्द घ्यावेत. ते मातृभाषेतल्या अर्थासह फळ्याच्या एका कडेला तासभर राहू द्यावेत. वापरताना शब्दाकडे बोट दाखवावे आणि क्षणभर थांबावे. एखाद्या अमूर्त शब्दासाठी दोन मिनिटे हातवारे करण्यापेक्षा दोन सेकंदांत मातृभाषेत अर्थ सांगितलेला चांगला. याबाबतचा सोवळेपणा वेळखाऊ आहे.

प्रश्नही उतरंडीने विचारावेत. ‘मुलगी खिडकी उघडते’ या एका वाक्यावर आधी ‘मुलगी खिडकी उघडते का?’, मग ‘मुलगी उघडते की मुलगा?’, मग ‘कोण उघडते?’, ‘काय उघडते?’ आणि शेवटी ‘का उघडत असेल?’ पहिल्या चारांना एका शब्दात उत्तर देता येते, त्यामुळे कच्चे मूलही सहभागी होते आणि मुख्य वाक्य पाच वेळा कानावरून जाते. प्रश्न विचारल्यावर मात्र थांबायला हवे. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत केलेल्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. ती थांबणी तीन सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरे लांबली आणि उत्तरे देणारी मुलेही वाढली. परक्या भाषेत तर तीन सेकंदही थोडे.

शब्दसंग्रहात पाठ्यपुस्तकांची एक खोड नडते. ती रंग, अवयव, विरुद्धार्थी जोड्या असे गट करून शब्द देतात. डोळ्यांना ते नीटनेटके दिसते, डोक्यात गोंधळ होतो. १९९० च्या दशकात टिंकम आणि वेअरिंग यांच्या प्रयोगांत असे एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकायला असंबद्ध शब्दांपेक्षा जास्त वेळ लागला. जपानी शिकणाऱ्यांत ‘मिगी’ आणि ‘हिदारी’ यांपैकी उजवा कोणता हा घोळ महिनोन्‌महिने राहतो, कारण दोन्ही एकाच तासाला शिकवलेले असतात. आधी ‘मिगी’ वापरात मुरू द्यावा आणि दोन आठवड्यांनी ‘हिदारी’ आणावा. पुस्तक बदलता येत नसेल तर क्रम तरी बदलता येतो.

वाचनाच्या उताऱ्यांचेही मोजमाप हवे. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलेला अंदाज असा की, कोणाच्या मदतीविना सहज वाचायला उताऱ्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे ५० शब्दांत एक नवा. शंभर शब्दांच्या धड्यात बारा-पंधरा नवे शब्द असले की ते वाचन राहत नाही, शब्दकोश उलटण्याचे काम होते. असा धडा शिकवण्यापूर्वी त्याचीच सोपी आवृत्ती लिहून काढावी. ती एकदाच लिहावी लागते, पुढे वर्षानुवर्षे चालते.

उजळणीसाठी तासिकेची पहिली पाच मिनिटे राखून ठेवावीत. आठ प्रश्न घ्यावेत: तीन कालचे, तीन मागच्या आठवड्याचे, दोन मागच्या महिन्याचे. उत्तरे कागदाच्या चिठोऱ्यावर, तपासणी मुलांनीच करायची, गुणांची नोंद नाही. वही मिटून आठवायचे, हे महत्त्वाचे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारले तेव्हा आठवून पाहणारे पुढे गेले. म्हणूनच मुलांना ‘वाचले की लक्षात राहते’ असे मनापासून वाटते आणि परीक्षेत सगळे गायब होते. घरी ज्यांना करायचे असेल त्यांच्यासाठी सेबास्टिअन लाइटनर यांची पाच कप्प्यांची पेटी आहे. तिच्यात कागदी पत्ते ठेवायचे, एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ. उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकले की थेट पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. पत्त्यावर जर्मन किंवा फ्रेंच नाम लिहिताना त्याचे उपपद सोबत लिहायलाच हवे, नाहीतर लिंग मागाहून वेगळे पाठ करावे लागते. मोबाईलवरची ॲप्स हेच काम करतात, त्यांत जादू काही नाही.

बोलण्याबाबत आकडेच पुरेसे आहेत. ४० मिनिटांत ४० मुलांना एकेक करून उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. जोड्या करून सहा मिनिटे दिली की प्रत्येक जण तीन मिनिटे बोलतो. तरीही जोडीकाम अनेकदा फसते. बहुतेक वेळा कारण असे की दोघांपुढे एकच कागद असतो, मग विचारण्यासारखे काही उरत नाही. एकाच्या चित्रात घड्याळात तीन वाजलेले, दुसऱ्याच्या चित्रात पाच. असे पाच फरक एकमेकांचे चित्र न पाहता, फक्त विचारून शोधायचे असतील तर भाषा वापरावीच लागते. सुरू करण्याआधी तीस सेकंद विचाराला द्यावीत आणि लागणारी चार-पाच प्रश्नरूपे फळ्यावर ठेवावीत. वेळ कमीच द्यावा. काम संपले की मुले मातृभाषेत गप्पा मारतात आणि दोष पद्धतीला लागतो. अस्खलितपणासाठी तेच बोलणे तीन वेगवेगळ्या जोडीदारांना सांगायला लावावे, आधी ९० सेकंदांत, मग ६०, मग ४०. तिसऱ्या खेपेला अडखळणे कमी झालेले मुलाला स्वतःलाच जाणवते.

रोज नवे साहित्य हा हट्ट तर सोडूनच द्यावा. साठ-सत्तर शब्दांचा एक चांगला उतारा चार तासिका पुरतो. पहिल्या दिवशी चित्रांसह ऐकणे, दुसऱ्या दिवशी वाचन आणि उतरंडीचे प्रश्न, तिसऱ्या दिवशी ‘मी’चा ‘ती’ करून पुन्हा लेखन. चौथ्या दिवशी शिक्षकाने तो नेहमीच्या वेगाने दोनदा वाचावा, मुलांनी महत्त्वाचे शब्द टिपावेत आणि जोडीने पुन्हा उभा करून मूळ उताऱ्याशी ताडून पाहावा. वाक्यरचनेबद्दलचे प्रश्न त्या ताडण्यातून मुले आपणहून विचारतात, तेव्हा मातृभाषेत पाच मिनिटे व्याकरण सांगावे. शाळेतल्या सगळ्या भाषाशिक्षकांनी असे उतारे एका ठिकाणी साठवावेत आणि तास झाल्यावर खाली दोन ओळी लिहाव्यात: काय अडले, कशाला वेळ जास्त लागला. पुढच्या वर्षी त्या दोन ओळी पाठ-टाचणाच्या रकान्यांपेक्षा जास्त कामाच्या ठरतात. उतारा वाचून दाखवण्याचे काम ध्वनिमुद्रणावर आणि हजेरी, तारीख, हवामान हे रोजचे संवाद मुलांवर सोपवले तर घशालाही विसावा मिळतो. आवाज बसणे हा या पेशाचा आजार आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते.

शेवटी परीक्षा आणि अपेक्षा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था आपल्या इंग्रजीभाषक प्रौढ अधिकाऱ्यांना कामापुरते प्रावीण्य यायला स्पॅनिश-फ्रेंचसाठी साधारण ६०० ते ७५० तास आणि जपानी-चिनीसाठी २२०० तास धरते. आठवड्याला ४० मिनिटांच्या तीन तासिका आणि वर्षाला ३५ आठवडे म्हणजे ७० तास. पाच वर्षांत ३५०. तेव्हा ‘फाडफाड बोलायला हवे’ ही मागणी गणितातच बसत नाही. कौन्सिल ऑफ युरोपच्या २००१ च्या भाषा-प्रावीण्याच्या सहा पायऱ्यांच्या आराखड्यातली पहिली पायरी पक्की आणि दुसरी बऱ्यापैकी, हे मात्र प्रामाणिक ध्येय आहे. स्वतःची ओळख, रस्ता विचारणे, कालचा दिवस सांगणे.

पण परीक्षा शंभर टक्के लेखी असेल तर यातले काहीच होणार नाही, कारण मुले आणि शिक्षक दोघेही गुणांच्या मागे जातात. तोंडी परीक्षेला वेळ नाही ही सबब टिकत नाही. दोघा-दोघांना बोलावून जोडीला पाच मिनिटे दिली तर २० जोड्यांना १०० मिनिटे, म्हणजे अडीच तासिका लागतात. तोवर बाकीचा वर्ग सोपी पुस्तके शांतपणे वाचू शकतो. गुण तीनच गोष्टींना द्यावेत: काम पूर्ण झाले का, समोरच्याला कळले का, आणि पाठ केलेल्याच्या पलीकडे काही बोलले का. एकूण गुणांतले निदान तीस टक्के या परीक्षेला ठेवण्याचा निर्णय शाळा घेऊ शकत असतील, तर तो पहिल्या सत्राआधी जाहीर करावा. मधेच जाहीर केला तर पालक हरकत घेतात.

कळावे,
एक भाषाशिक्षक