विम्याचा कागद कर्मचाऱ्याच्या हाती द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतील नोकरदारांच्या आरोग्यावरचा लेख वाचला. भरपूर पाणी प्या, दर अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठा, मीठ कमी करा, रात्री पुरेशी झोप घ्या, हे सल्ले आता वाचकांना तोंडपाठ झाले आहेत. तरीही ते पुन्हा छापण्यास माझी हरकत नाही, कारण चांगली गोष्ट चारदा सांगावी लागते. माझी हरकत आहे ती लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाला. ‘आपल्या कंपनीने दिलेल्या आरोग्य विम्याचा पुरेपूर लाभ घ्या’ एवढ्या एका वाक्यात लेखकाने तो विषय उरकला. रोजच्या दहा हजार पावलांना मात्र ठळक अक्षरांत स्वतंत्र चौकट मिळाली. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावावरून रूढ झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पावलांची नसून प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा अशी आहे, एवढे तरी त्या चौकटीत यायला हवे होते. पण ते असो.

लाभ घ्यायचा म्हणजे नोकरदाराने नेमके काय करायचे? गटविम्याची पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात होतो आणि ज्याच्या आजारपणासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या वाट्याला मोबाइलमधले एक ई-कार्ड येते. त्यावर नाव, जन्मतारीख, एक लांबलचक क्रमांक आणि टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेचा, दूरध्वनी असतो. विमा रक्कम किती, हे नोकरीला लागताना सांगतात. अटी कोणीच सांगत नाही. माझ्या माहितीतल्या एकाही सहकाऱ्याने आपल्या पॉलिसीचा मूळ मसुदा पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या पित्ताशयातील खड्यांवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाच्या विमा कक्षात ई-कार्डाची आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, चार ठिकाणी सह्या घेतल्या आणि कोणती खोली हवी, असे विचारले. दिवसाला ६,००० रुपयांची स्वतंत्र खोली रिकामी होती. विमा रक्कम ३ लाख रुपये आणि डॉक्टरांनी सांगितलेला खर्च दीड लाखाच्या आत, म्हणून आम्ही ती घेतली. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे, हे त्या खिडकीवर कोणी सांगितले नाही आणि आमच्या मनुष्यबळ विभागानेही कधी कळवले नव्हते. ते कळले तिसऱ्या दिवशी, घरी जाताना.

वरचे ३,००० रुपये खिशातून भरायचे, एवढ्यावरच भागले असते तर हे पत्र लिहिले नसते. पण मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर शल्यविशारदांचे शुल्क, भूलतज्ज्ञांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा आकार हे सारे त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर आणले जाते. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात. आमचे बिल १,३०,००० रुपयांचे झाले होते आणि मंजुरी आली ६५,००० रुपयांची. त्या एका पानावर प्रत्येक ओळीसमोर मूळ रक्कम आणि तिच्या निम्मी रक्कम छापलेली होती. औषधे निम्मी, रक्ताच्या तपासण्या निम्म्या, सोनोग्राफीही निम्मी. खोली बदलली म्हणून सलाईनच्या बाटलीची किंमत बदलते का, असे मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने नम्रपणे सांगितले की हे वरूनच असे आले आहे.

सकाळी दहाला डॉक्टरांनी घरी जाण्याची परवानगी दिली होती आणि विम्याची अंतिम मंजुरी आली सायंकाळी सहाच्या सुमारास. तोवर पत्नी कपडे बदलून, सुई काढलेल्या जागी कापसाचा बोळा दाबून, पोटावरच्या टाक्यांना जपत पलंगाच्या कडेला बसून होती, आणि मी उरलेल्या पैशांसाठी भावाला फोन लावत होतो. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला चुकते करण्याच्या, पहिल्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, रुग्णालयाकडून कागद आल्यापासून तीन तासांत डिस्चार्जची मंजुरी द्यायची असते आणि त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीनेच सोसायचा असतो. आमच्याकडून अर्ध्या दिवसाचे जादा भाडे रोख घेतले गेले. हा नियम त्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत का लावलेला नसतो?

दुसऱ्या दिवशी मनुष्यबळ विभागात गेलो. तिथे मला जुना ई-मेल दाखवण्यात आला. त्यात धावणाऱ्या माणसाचे रंगीत चित्र होते, निरोगी राहण्याच्या सूचना होत्या, विमा रक्कम होती. खोलीभाड्याचा उल्लेख नव्हता. पॉलिसीची प्रत मागितल्यावर ‘ती कर्मचाऱ्यांना देत नाही’ असे उत्तर मिळाले. पुष्कळ पत्रव्यवहार केल्यावर ती विमा दलालाकडून आली आणि मग बाकीचा उलगडा झाला. नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे की औषधे, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्या यांच्या खर्चावर प्रमाणशीर कपात करता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या आकारावर करता येत नाही आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या दर्जानुसार दर बदलत नाहीत तिथेही करता येत नाही. त्या आधारे विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लिहिले आणि औषधे व तपासण्यांचे कापलेले १९,००० रुपये परत मिळाले. सोबत खुलासा नाही, दिलगिरीचा शब्द नाही. हा नियम ज्यांच्या कानावरही आलेला नाही, त्यांचे पैसे तसेच राहत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आरोग्याचा सल्ला देणाऱ्या लेखकाने या गोष्टी सांगायला हव्या होत्या. खोलीभाड्याला मर्यादा आहे का, बिलातला काही हिस्सा आपल्याला भरावा लागतो का, आई-वडील पॉलिसीत आहेत का आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत का, एवढे प्रश्न कर्मचाऱ्याने धडधाकट असतानाच लेखी विचारून घ्यावेत. कंपनीने दाद दिली नाही, तर दलालाला विचारावेत. विमा कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते आणि ही सोय गटविम्यालाही लागू आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत लोकपालांची कार्यालये आहेत.

नोकरी सुटली की बहुधा त्याच दिवशी हे छत्र मिटते, हेही लेखात नव्हते. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा माणसाने पन्नाशीत नोकरी सोडून नवी पॉलिसी घेतली, तर मधुमेहाशी संबंधित खर्चासाठी त्याला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्याऐवजी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी अर्ज केला, तर गटविम्यात काढलेला काळ त्या प्रतीक्षेतून वजा होतो. निवृत्तीच्या निरोप समारंभाआधी ही माहिती प्रत्येकाला लेखी मिळाली पाहिजे.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती वाचताना मला सर्वाधिक खटकली. दर अर्ध्या तासाने उठा, हा सल्ला आमच्या फाटकावर बारा तास उभ्या असणाऱ्या रखवालदाराने वाचला, तर त्याने त्याचे काय करायचे? तोही कर्मचारीच आहे, फक्त कंत्राटदाराचा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ज्या आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू आहे तिथे तिचे संरक्षण मिळते आणि ही मर्यादा २०१७ पासूनची आहे. वेतनाच्या पाऊण टक्का कर्मचाऱ्याकडून आणि सव्वातीन टक्के मालकाकडून जातात. त्या बदल्यात त्याला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात आणि अंशदानाच्या अटी पूर्ण असल्यास आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. आमच्या रखवालदाराच्या पगारचिठ्ठीवर दर महिन्याला ही कपात दिसते, पण विमा क्रमांक त्याला कंत्राटदाराने दिलेलाच नाही आणि मुलीच्या तापाचा सगळा खर्च त्याने उसनवारी करून भागवला.

आपल्या पुढच्या पुरवणीत त्या ठळक चौकटीच्या जागी गटविम्याच्या अटी आणि कर्मचारी विमा योजनेचे हक्क छापावेत, आणि तेही अशा शब्दांत की फाटकावरच्या माणसाला ते कात्रण थेट कंत्राटदारापुढे ठेवता येईल, ही विनंती.

आपला,
एक नोकरदार वाचक