घोडेवाला चिगोरिन

प्रिय मन्या,

परवा फोनवर म्हणालास ना, जिंकत आलेला डाव हातानं घालवला नि रात्रभर डोळ्याला डोळा नाही? तेव्हाच तुला मिखाईल चिगोरिन या रशियन बुद्धिबळपटूचं सांगणार होतो. पण पट समोर असल्याशिवाय ते जमत नाही. पत्र वाचताना तुझा पट मांडून बस.

हवाना, फेब्रुवारी १८९२. जगज्जेतेपदाची लढत, समोर तेव्हाचा जगज्जेता स्टाइनिट्झ. त्याचे ९ विजय, चिगोरिनचे ८. तेविसावा डाव. चिगोरिनकडे पांढऱ्या सोंगट्या, शिवाय एक मोहरा जास्तीचा. काळ्याचे दोन्ही हत्ती दुसऱ्या ओळीत घुसलेत, पण राजापुढचं प्यादं एकटा उंट लांबून राखतोय. बत्तिसाव्या खेळीला या बाबानं नेमका तोच उंट उचलला! हत्तीनं प्यादं खाऊन शह, पुढच्या खेळीला मात. मी ती स्थिती मांडून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

माणूस पीटर्सबर्गजवळच्या गाचिनाचा, जन्म १८५० चा. आईबाप लवकर गेले, अनाथांच्या शाळेत वाढला. खेळ शिकला सोळाव्या वर्षी, खरा नाद लागला चोविशीच्या सुमारास. (आणि आपण आठ वर्षांच्या पोराला ‘उशीर झाला’ म्हणतो.) सरकारी कारकुनी सोडली, १८७६ मध्ये बुद्धिबळाचं मासिक काढलं नि १८८१ पर्यंत रेटलं.

तुला तो आवडेल, कारण उंटांच्या जोडीपेक्षा त्याला घोडे प्यारे. वजिराच्या गॅम्बिटला (पांढरा दुसऱ्या खेळीला वजिराच्या बाजूचं एक प्यादं देऊ करतो, ती सुरुवात) तो दुसऱ्याच खेळीला वजिराकडचा घोडा बाहेर काढायचा, आपल्याच प्याद्याची वाट अडवून! जाणकार नाकं मुरडायचे. पण १९९० च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर मोरोझेविचनं हाच बचाव खेळून भल्याभल्यांना घाम फोडला. नियमांवर बोट ठेवणाऱ्या जर्मन खेळाडू टाराशशी त्याची १८९३ ची लढत ९-९ अशी बरोबरीत सुटली. स्टाइनिट्झशी तारेनं खेळ्या कळवून खेळलेले दोन्ही डाव तर त्यानंच जिंकले. १८९५ ला हेस्टिंग्जच्या स्पर्धेत अमेरिकन पिल्सबरी पहिला, हा दुसरा, तेव्हाचा जगज्जेता लास्कर तिसरा. गंमत म्हणजे त्या दोघांनाही यानं तिथं हरवलं होतं.

मधुमेहानं पोखरलं, १९०८ च्या जानेवारीत लुब्लिनला वारला. पुढच्याच वर्षी पीटर्सबर्गला त्याच्या स्मरणार्थ मोठी स्पर्धा झाली.

रविवारी ये. तो घालवलेला डाव लिहून ठेवला असशील तर घेऊन ये. नेमकं काय उचललंस ते बघू.

तुझा,
दिल्या