आई-बाबा, तिघांनाही दाखवून आणा

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. मी डॉक्टरांना दाखवायचा विषय काढला की बाबा "मले काय धाड भरली?" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई वेचणीला बाया मिळत नाहीत ते सांगत बसते. म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, मधेच उठून कोठ्यात जाऊ नका.

दिवाळीत आले तेव्हा घरातली तीन माणसं मला नेहमीसारखी वाटली नाहीत. बाबा रात्री तीन वाजता ओसरीवर खर्रा घोटत बसलेले. ताटातली अर्धी भाकर तशीच. भजनाला जाणं तर बंदच. आजी दिवेलागणीला पुन्हा पुन्हा विचारते, "हे बाजारातून आले का?" आबांना जाऊन किती वर्षं झाली! आणि दादाचा गुड्डू. चौथीतलं पोरगं क्विंटलचा हिशेब तोंडी करतं, पण पुस्तक पुढे ठेवलं की घामाघूम होतं. त्याची वही मी पाहिली. काने गळालेले, ब च्या जागी व, फळ्यावरून उतरवलेल्या ओळीतले मधले शब्द गायब.

घरात तिघांचाही निकाल लागलेला आहे. बाबांना टेन्शन, आजीचं वय झालं, पोरगा मठ्ठ. पण तपासलं कुणी? बाबा, कृषी केंद्रवाला पान न पाहता फवारणी लिहून देतो तेव्हा तुम्ही त्याला काय काय सुनावता ते मी ऐकलं आहे. इथेही आधी पान पाहू द्या.

आजीचं सोपं आहे. विसरणं म्हणजे म्हातारपणच, असं नसतं. थायरॉइड कमी असेल, बी-१२ कमी असेल, तरी माणूस विसरतो. ऐकू कमी येत असेल तर अर्धं कानातच शिरत नाही. मन उदास असलं तरी विसरभोळेपणा येतो. यातलं बरंचसं सुधारण्यासारखं असतं आणि रक्ताच्या तपासणीतच काही गोष्टी कळतात. डॉक्टर तिला वार, महिना, गावाचं नाव विचारतील, काही शब्द लक्षात ठेवायला सांगतील. ती शाळेत गेलेली नाही हे आधीच सांगा. न शिकलेल्या माणसाला वेगळे प्रश्न विचारावे लागतात, नाहीतर उगाच नापास करतील. आणि स्मृतिभ्रंश निघालाच, तरी तिला कसं सांभाळायचं ते तरी कळेल. आता ती विचारते आणि सगळे तिच्यावर ओरडतात.

गुड्डूला मठ्ठ म्हणणं मात्र आजपासून बंद करा. गुरुजींनाही माझं नाव घेऊन सांगा. हुशार पोरालाही वाचन-लेखनाची अडचण असू शकते. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनेच अशी मुलं हेरायची असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. वजन-उंची घेऊन, डोळे-दात बघून पोरं सोडतात. त्यांनाच धरून याचं विचारलं तर ते पुढे पाठवू शकतात. आधी कान-डोळे तपासतील, मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञ बुद्धीची आणि वाचन-लेखनाची चाचणी घेतील. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण माझी घाई दहावीची नाही. त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवायला हवं आणि ते आत्ता हवं. वहिनीला वाटतं, कागदावर आलं की पोराला डाग लागेल. डाग लागलेलाच आहे. वर्गात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात ते तिला विचारा.

आता बाबा.

तुमचं टेन्शन खोटं आहे असं मी म्हणत नाही. सोयाबीनचा भाव मलाही दिसतो, सोसायटीचं कर्जही माहीत आहे. डॉक्टरपाशी बोलून कर्ज फिटत नाही, हे तुम्ही म्हणणार आणि ते खरंच आहे. पण महिनोन्महिने न झोपलेला माणूस त्या कर्जाचा विचार तरी धड करू शकतो का? तिथे काय विचारतात ते सांगते, म्हणजे धास्ती राहणार नाही. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कामात मन लागलं का, स्वतःबद्दल वाईट वाटलं का, असे नऊएक प्रश्न. किती दिवस तसं वाटलं ते सांगायचं. त्यावरून उदासीचा आजार आहे का आणि किती, याचा अंदाज येतो. मग गरजेप्रमाणे गोळ्या, समुपदेशन किंवा दोन्ही. या गोळ्यांची सवय लागत नाही. गुण यायला दोन-चार आठवडे जातात, म्हणून पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डबीत टाकायच्या नाहीत. बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत. समुपदेशनातही नुसतं बोलणं नसतं. बंद पडलेली कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करायला लावतात. तुमच्या बाबतीत बहुतेक भजनापासून सुरुवात होईल.

"लोक पागल म्हणतील." आई, हे तुझं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. आधी उदासीच्या आजारातल्या शंभरांमागे चार-पाच जण मदत घ्यायचे, दीडेक वर्षात सत्तावीस जण घेऊ लागले. ते कुणी शहरातले नव्हते, आपल्यासारखेच कापूस-सोयाबीनवाले होते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. देवाचा अंगारा लावायचा तर लाव, माझी ना नाही. अंगारा लावूनही एसटीत बसता येतं.

मी टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन लावला होता. २०२२ पासून आहे तो. फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी मला सरळ विचारलं, "बाबा जगायला नको, असं बोलतात का?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, विचारा. विचारल्याने असला विचार डोक्यात शिरत नाही. तर बाबा, विचारते. येतो का तसा विचार मनात? 'हो' असेल तर यवतमाळच्या डॉक्टरांकडे जायची वाट पाहू नका, त्याच वेळी मला किंवा दादाला सांगा. रात्री तीन वाजता सांगितलंत तरी चालेल. आम्हाला नसेल सांगायचं तर १४४१६ लावा. उत्तर काहीही असो, फवारणीचं औषध आज कोठ्यातून हलवायचं आणि कुलुपात ठेवायचं. किल्ली दादाकडे. यावर वाद नको.

यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातही येतं. दिवस आशाताईंना विचारा. सगळं सुरळीत होईल असं नाही. रांग असेल, चाचणीला पुढची तारीख देतील, दर आठवड्याला जाणं-येणं म्हणजे मजुरी आणि भाडं दोन्ही जाईल. एका सरकारी दवाखान्यात "साहेब आज नाहीत" ऐकून मी परत आले आहे, म्हणून आधी दादाला चौकशी करायला लावलं आहे. पहिली भेट तिथे जाऊनच घ्या, पुढचं फोनवर जमेल का ते विचारा.

सोबत आधार, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि आजीच्या जुन्या चिठ्ठ्या न्या. गुड्डूची खराब वहीच न्या, वहिनीने सुबक उतरवून दिलेली नको. आई, डॉक्टरने "तुमचं कसं चाललंय?" विचारलं तर "माझं काय, बरं आहे" म्हणू नको. रात्री आजीसाठी किती वेळा उठतेस ते सांग.

येत्या आठवड्यात जायचं आहे, त्यामुळे सोयाबीन मार्केटला न्यायचं त्याच दिवशी काढू नका.

तुमची लेक