वर्गात चित्रपट दाखवला म्हणून नोटीस: मंत्रिमहोदयांना कोल्हापूरच्या एका इंग्रजी शिक्षकाचं खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गेल्या सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'शालेय वेळेत विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवून अध्यापनाच्या वेळेचा अपव्यय केल्याबद्दल आपणावर कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' बावीस वर्षांच्या नोकरीतली माझी ही पहिली नोटीस. खुलासा मी वेळेत दिला. पण त्या छापील नमुन्यात चारच ओळींची जागा होती. उरलेलं इथे लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या मेळाव्यात आपणच सांगितलं होतं की वर्षभरात प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रोजेक्टर पोहोचेल. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, टाळ्याही वाजवल्या होत्या. आमच्या शाळेतून त्यानंतर तीन वेळा माहिती मागवली गेली. खोल्या किती, खिडक्या किती, प्लग किती. प्रोजेक्टर आला नाही.

म्हणून मी स्वतः घेतला. पतसंस्थेचं कर्ज काढून, जुना, अठरा हजारांचा. अजून सात हप्ते बाकी आहेत. पडदा म्हणजे माझ्या वडिलांची दोन पांढरी धोतरं. बायकोनं ती उभी जोडून मशिनवर शिवून दिली. मधली शिवण बरोबर चित्राच्या मधोमध येते. खिडक्यांना खताची रिकामी पोती लावतो. हे सगळं मी मोटारसायकलवर बांधून आणतो आणि संध्याकाळी परत नेतो, कारण शाळेच्या कपाटाला कुलूप लागत नाही. मणक्याचं दुखणं लागलं आहे. डॉक्टर वजन उचलू नका म्हणतात.

हे कशासाठी, ते सांगतो. माझ्या नववीच्या वर्गात ४८ मुलं आहेत आणि तास ३५ मिनिटांचा. भागाकार करून बघा, एका मुलाच्या वाट्याला पाऊण मिनिटसुद्धा येत नाही. त्यातून हजेरी आणि फळा पुसणं वजा करा. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीत येईपर्यंत पोरगं आठ वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. आणि तरी त्याला 'काल तू काय केलंस' विचारलं तर ते माझ्या तोंडाकडे बघतं. त्याला व्याकरण येतं, रिकाम्या जागा भरता येतात. फक्त स्वतःचं असं सांगायला त्याच्याकडे इंग्रजीत काही नसतं.

चित्रपट त्याला ते सांगायला देतो. मी चॅप्लिनचा १९२१ सालचा 'द किड' लावला होता. मूकपट आहे, त्यामुळे इंग्रजी उच्चार कानावरून जाण्याची भीती नाही, आणि बोलायचं काम मुलांवर येतं. त्यात एक लहान पोरगा दगड मारून खिडकीची काच फोडतो आणि पळतो. मग चार्ली पाठीवर काचा घेऊन सहज आल्यासारखा येतो, काच बसवून पैसे घेतो. मी तिथे चित्र थांबवलं. मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, 'सर, त्येचा बा काचा बसवतोय म्हणून त्यो फोडतोय!' जूनपासून तिनं माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, आता इंग्रजीत. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, 'ही ब्रेक द ग्लास सो हिज फादर रिपेअर.' मंत्रिमहोदय, हे कारण आणि हेतू सांगणारं वाक्य आहे. मी त्यावर दोन आठवडे फळ्यावर डोकं आपटलं होतं. क्रियापदं मग सगळ्या वर्गानं मिळून दुरुस्त केली.

पुढच्या दृश्यात पोरगा दुसरी काच फोडायला हात मागे नेतो आणि तो हात मागे उभ्या असलेल्या पोलिसाला लागतो. मी पुन्हा थांबवलं. आता काय होईल? भविष्यकाळ. अठ्ठेचाळीस हात वर! नेमके त्याच वेळी साहेब तपासणीला आले.

ते दारात उभे राहिले, पडद्याकडे पाहिलं आणि 'हे काय चाललंय?' म्हणाले. दिवा लावायला सांगितला. एकाही मुलाला एक प्रश्न विचारला नाही. वही उघडली नाही. वर केलेले हात खाली आलेले मी पाहिले, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

कायद्याचं म्हणाल, तर स्वामित्वहक्क कायदा १९५७ चं कलम ५२ शाळेत विद्यार्थी-शिक्षकांपुरता चित्रपट दाखवायला मुभा देतं. तंत्रज्ञानाचं म्हणाल, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. तुमच्या भाषणात तंत्रज्ञान असतं आणि माझ्या वर्गात आलं की तो अपव्यय होतो, हे कसं?

गेल्या वर्षी याच मुलांच्या आधीच्या तुकडीनं पालकांच्या मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे चित्रपट केले. एकानं आपल्या गुऱ्हाळाचा केला. चुलवाण, उकळता रस, भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी, काढणारा गुळव्या. मागे त्याचा स्वतःचा इंग्रजी आवाज. काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, तो अडला आणि म्हणाला, 'धिस इज काहील. इन इंग्लिश ऑल्सो यू से काहील.' त्या पोराला मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि आजही देईन. आता ही नोटीस बघून मुख्याध्यापकांनी मोबाईलचे उपक्रमही बंद केले आहेत. त्यांनाही नोकरी आहे.

आणि हे कुठे घडतंय? कोल्हापुरात! बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथेच सुरू झाली. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेही याच संस्थानात. त्या गावात मास्तरानं सिनेमातून शिकवलं तर तो गुन्हा ठरतो.

अपव्यय मोजायचाच असेल तर सगळाच मोजा. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही. मला गेल्या वर्षी लावलेली सर्वेक्षणं, ऑनलाईन माहित्या, फोटो अपलोड आणि बैठका धरल्या तर माझ्या हिशेबानं चाळीस दिवस तरी गेले. त्याचा खुलासा कुणाकडून मागवला? कोठारी आयोगानं १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चा म्हटलं, २०२० च्या धोरणात तेच ६ टक्के पुन्हा लिहिलं गेलं. मधल्या चोपन्न वर्षांत किती पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या? त्यातलाच मी एक. पहिल्या मुलाखतीत 'टेल अस अबाउट युअरसेल्फ' म्हटल्यावर माझा घसा कोरडा पडला होता, आणि मी इंग्रजीत बी.ए. होतो. माझ्या मुलांचं तसं होऊ नये एवढ्यासाठी मी हे ओझं वाहतो. आणि व्यवस्था मला विचारते, वेळ का घालवला.

माझं मागणं मोठं नाही. ती नोटीस मागे घ्या, माझ्या सेवापुस्तकात तिची नोंद होऊ देऊ नका. इंग्रजीच्या तासाला चित्रपट आणि मुलांनी केलेलं चित्रण हे अध्यापनच आहे, असं एका ओळीचं लेखी पत्र सगळ्या शाळांना पाठवा. कबूल केलेला प्रोजेक्टर द्या. तोवर माझा आहे.

शुक्रवारी तिसरा तास माझा असतो. तपासणीच्या दिवसापासून पडद्यावरचा पोलीस तसाच उभा आहे, पोराचा हात त्याला लागलेला आहे, आणि मुलं मला व्हरांड्यात गाठून विचारतात, 'सर, व्हॉट हॅपन नेक्स्ट?' त्यातला 'एस' अजून शिकवायचा राहिला आहे.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक
जि. कोल्हापूर