यंत्राला गप्प करणारं बटण हाताशी हवं

महोदय,

येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. घरचे दोन हातमाग, बाकी माल गावातल्या विणकरांचा. हल्ली निम्मं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं, म्हणून लग्नसराईत एआयने आपोआप उत्तरं देणारी सोय घेतली. रात्री सुरू करायची, सकाळी दुकान उघडलं की बंद करायची, असं ठरलं होतं.

एके दिवशी बंद करायची राहिली. नागपूरच्या एका ताईंच्या लेकीच्या पैठणीवर हळद सांडली होती. त्यांनी फोटो टाकून विचारलं, ‘काय करू?’ मी गादीवर साड्या उलगडत बसले होते. यंत्राने लगेच कळवलं, ‘कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा.’ वर नाव आमच्या दुकानाचं! अर्ध्या तासाने मी घाईघाईने फोन लावला, तोवर जांभळ्या काठाचा रंग मोतिया अंगावर उतरला होता. शब्द दुकानाचा, म्हणून साडी आम्ही परत घेतली, दुसरी दिली.

त्याहून लागलं ते पुढचं. मी माफीचे दोन शब्द लिहीत होते आणि मध्येच यंत्र त्या माउलीला नवी डिझाइन्स दाखवत होतं. बंद करायचं बटण सेटिंगमध्ये खोल दडलेलं, तेही सगळ्या नंबरला मिळून एकच. त्या एका गिऱ्हाइकापुरतं यंत्र थांबवायची सोयच नव्हती.

कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. ते योग्यच झालं. पण जबाबदारी दुकानदाराची असेल, तर लगामही त्याच्या हातात द्या. माणसाने लिहायला घेतलं की त्या संभाषणात यंत्राने गप्प बसावं आणि माणसाने सांगितल्याशिवाय पुन्हा बोलू नये. उत्तर यंत्राचं आहे, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच ओळीत दिसावं. ‘माणसाशी बोलायचंय’ हे बटण त्यालाही मिळावं. अशी सोय विकणाऱ्यांना सरकारने हे बंधनकारक करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आम्ही आता व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधला जुना साधा निरोपच लावला आहे : ‘दुकान बंद आहे. सकाळी दहानंतर मी स्वतः उत्तर देते. डाग पडला असेल तर तोवर पाणी लावू नका.’

– एक पैठणी विक्रेती, येवला (जि. नाशिक)